बखर पुरे, आता दफ्तर उघडा

२०१५ साली ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच वास्तुकाराच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाली. पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात त्याच्यावर मोठे प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी त्याच्या फॅसिस्ट लागेबांध्यांचा हिशेब मांडणारी तीन पुस्तके फ्रान्समध्ये लागोपाठ आली. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, असल्या माणसाच्या इमारतींना वारशाचा मान कशाला? दुसरा म्हणे, भिंतीला राजकारण नसते, वास्तू बघा आणि गप्प बसा. पुढच्या वर्षी, १० जानेवारी २०१६ रोजी, ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी गेला. त्याचा शेवटचा अल्बम ‘ब्लॅकस्टार’ दोनच दिवस आधी, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी निघाला होता. त्यानंतर बोवीवर पुस्तकांचा जो पूर आला त्याचा सूर बहुतांशी आरतीचा होता. १९७६ मध्ये याच माणसाने हिटलरबद्दल अकलेचे जे तारे तोडले होते ते आले तर ओझरते. एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, दुसऱ्याला देव्हाऱ्यात बसवले. रोज सकाळी टेबलाशी बसून किंवा रात्री उशिरा मायक्रोफोनसमोर उभे राहून या दोघांनी नेमके केले काय, हे विचारायचे मात्र राहूनच गेले.

‘कलावंत वेगळा, कला वेगळी’ हा वाद आपल्याकडेही दर दोन-चार वर्षांनी कुणा गायकाच्या, लेखकाच्या, चित्रकाराच्या निमित्ताने उकरला जातो, आणि तोही याच दोन खुंट्यांना टांगलेला राहतो. वास्तुकला आणि रॉक संगीत यांच्याबाबतीत तर हा प्रश्न मुळातच चुकीचा मांडला जातो, असे माझे म्हणणे आहे. ‘कलावंत’ एकटा असतो, हे त्यात आधीच गृहीत धरलेले असते. कादंबरी एकट्याने लिहिता येते. अठरा मजली इमारत एकट्याने उभी राहत नाही आणि चोवीस ट्रॅकची, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे साठवणारी टेप एकहाती भरणारे संगीतकार हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. तरी मुखपृष्ठावर नाव एकाचे. अशा माणसाच्या कारकिर्दीवरचे पुस्तक कामाच्या कागदांवर उभे राहिले पाहिजे: रेघ कोणी ओढली, तार कोणी छेडली, पैसा कुठून आला, काय गळले, काय पुसले गेले. चारित्र्याचा निकाल लावायचा असेल तर तोही याच कागदांवर लावावा. बाकी सगळे साप म्हणून भुई धोपटणे.

ही जोडी मी ओढूनताणून जमवलेली नाही. शार्ल-एदुआर जानरे या स्विस तरुणाने १९२० साली ‘लेस्प्री नुव्हो’ या नियतकालिकात लिहिताना ‘ल कॉर्बुझिए’ हे नाव घेतले. डेव्हिड रॉबर्ट जोन्सने १९६५ साली ‘बोवी’ हे नाव घेतले, कारण डेव्ही जोन्स नावाचा दुसरा एक गायक आधीच मैदानात होता. दोघांनीही नावाबरोबर एक माणूस घडवला: जाड काळ्या काठाचा गोल चष्मा आणि बो टाय लावलेला एक, लाल केसांचा झिगी दुसरा. हा झिगी बोवीने ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये रंगमंचावरच संपवून टाकला. दोघांनीही आपापले कागद जिवापाड जपले. दोघेही इतरांचे गुण हेरण्यात तरबेज होते आणि श्रेय वाटताना दोघांचाही हात कधी मोकळा, कधी आखडता. आपली कारकीर्द हीच एक कलाकृती आहे हे दोघांना फार लवकर कळले होते, आणि त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्याची पहिली अडचण तीच आहे.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी घेतो. कामाच्या तपशिलात शिरणे ही पळवाट ठरू शकते. काँक्रीटच्या साच्याविषयी चाळीस पाने लिहायची आणि व्हिशीविषयी चार ओळी, ही सफाई अनेक वास्तुकला-ग्रंथांनी केलेली आहे. वस्तुस्थिती काय आहे? जर्मनांपुढे शरण गेलेल्या व्हिशी सरकारच्या दारात ल कॉर्बुझिए १९४१-४२ मध्ये सुमारे दीड वर्ष काम मागत बसला होता. १९४० च्या शरद ऋतूत त्याने आईला लिहिलेल्या पत्रात, हिटलर बोलतो ते खरे असेल तर युरोपच्या पुनर्रचनेचे भव्य कार्य त्याच्या हातून होईल, अशा अर्थाचे वाक्य आहे. ज्यूंबद्दलचे ओंगळ उल्लेखही त्याच्या पत्रव्यवहारात सापडतात. हे झाकणारे पुस्तक अप्रामाणिक आहे, यात वाद नाही.

पण ‘तो फॅसिस्ट होता’ एवढे म्हणून वही मिटणाऱ्याच्या हाती काय लागते? थोडे कागद चाळा. १९२८ पासून हाच माणूस मॉस्कोत सोव्हिएत सहकारी संघटनेची, म्हणजे त्सेंत्रोसोयुझची इमारत करत होता. १९३० च्या दशकात त्याने मुसोलिनीच्या इटलीत खटपट केली. अल्जिअर्सचा आराखडा घेऊन तो व्हिशीला गेला आणि जून १९४२ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने तो फेटाळला. युद्धानंतर मार्सेयची ‘युनिते’ ही निवासी इमारत त्याला दिली ती मुक्त फ्रान्सच्या पुनर्बांधणी खात्याने, आणि चंदीगड मिळाले ते नेहरूंच्या भारतात. १९३५ च्या ‘ला व्हिल रादियूझ’ या पुस्तकाची अर्पणपत्रिका त्याने कुणा व्यक्तीला लिहिलेली नाही, ‘सत्तेला’ लिहिली आहे. त्याला हवा होता तो एकच, निर्विवाद, वरून हुकूम सोडणारा यजमान. त्याच्या टोपीचा रंग दुय्यम. आता १९२५ चा ‘प्लाँ व्हॉयझाँ’ पुढ्यात घ्या. पॅरिसच्या मध्यवस्तीचा मोठा तुकडा सपाट करून तिथे अठरा क्रूसाकार मनोरे उभे करायचे. हजारो मालकांच्या जमिनी एका फटक्यात ताब्यात घेणारी सत्ता असल्याशिवाय हा नकाशा कागदावरून उठूच शकत नाही. राजकारण पत्रात आहे त्यापेक्षा या रेघांत जास्त आहे. ‘इमारत बघा, माणूस विसरा’ म्हणणारे आणि ‘माणूस बघा, इमारत पाडा’ म्हणणारे दोघेही हा नकाशा उलगडून बघत नाहीत.

आणखी एक कागद. त्याचा चुलतभाऊ आणि १९२२ पासूनचा भागीदार पिएर जानरे १९४० मध्ये त्याच्यापासून वेगळा झाला आणि ग्रनोब्लला जाऊन फ्रेंच प्रतिकार चळवळीत शिरला. एकाच फळ्यावर रेघा ओढणारी दोन माणसे, एक व्हिशीच्या दाराशी, दुसरा तिच्याविरुद्ध. मग ‘त्या कचेरीची वास्तुकला फॅसिस्ट’ हे विधान कोणाच्या पेन्सिलीला लावायचे?

बोवीलाही हाच न्याय लावू. १९७६ मध्ये त्याने मुलाखतींत हिटलर हा पहिला रॉकस्टार असल्यासारखे उद्गार काढले, ब्रिटनला फॅसिस्ट नेत्याचा फायदाच होईल असे म्हटले. व्हिक्टोरिया स्टेशनवर उघड्या गाडीतून त्याने हात केला तो नाझी सलाम होता की नुसताच हात, यावर अजून शाई आटते आहे. पुढे त्याने हे सारे मागे घेतले, कोकेन आणि त्या काळच्या ‘थिन व्हाइट ड्यूक’ या सोंगाकडे बोट दाखवले. हे स्पष्टीकरण पुरेसे मानायचे की नाही ते वाचकाने ठरवावे. मात्र त्याच वर्षी त्याच्यामागे उभा असलेला ताफा कोणाचा होता? पोर्तो रिकन वंशाचा गिटारवादक कार्लोस अलोमार, ड्रमवर डेनिस डेव्हिस, बासवर जॉर्ज मरे. शेवटचे दोघे आफ्रिकन-अमेरिकन. ‘स्टेशन टु स्टेशन’पासून ‘स्केरी मॉन्स्टर्स’पर्यंत सलग पाच स्टुडिओ अल्बमांचा पाया या तिघांनी घातला. याने बोवी निर्दोष ठरतो का? मुळीच नाही. पण प्रश्न बदलतो आणि धारदार होतो. ‘तो वर्णद्वेषी होता का’ याचे उत्तर काढायला मनात शिरावे लागते. ‘फेम’चा मूळ गिटारतुकडा अलोमारचा होता आणि १९७५ च्या त्या गाण्यावर बोवी व जॉन लेनन यांच्याबरोबर त्याचे नाव लागले, मग ज्या डझनावारी गाण्यांची चाल डेव्हिस आणि मरे यांच्या तालावर उभी आहे त्यांवर, ‘ब्रेकिंग ग्लास’सारखा अपवाद सोडला तर, त्यांची नावे का नाहीत? याचे उत्तर कागदावर सापडते: ब्रिटिश-अमेरिकन प्रकाशन-व्यवहारात शब्द आणि सुरावट म्हणजे ‘रचना’, ताल म्हणजे ‘साथ’. ही रूढी कोणाला श्रीमंत करते आणि कोणाला रोजंदारीवर ठेवते, यावर एक प्रकरण लिहिणारा लेखक हिटलरच्या वाक्यावर दहा प्रकरणे लिहिणाऱ्यापेक्षा खोल जातो.

मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या अस्सल पत्रांचा. त्याआधी पानिपत म्हणजे भाऊसाहेबांची बखर. बखर रसाळ होती, तिची भाषा आजही अंगावर काटा आणते. पण तिच्यातल्या तारखा, आकडे, कोण कुठे होता, हे पत्रांशी ताडून बघितल्यावर डळमळू लागले. राजवाड्यांनी प्रस्तावनेत बखरींची जी चिरफाड केली ती अनेकांना रुचली नाही. दाणागोटा, कर्ज, थकलेल्या हुंड्या आणि पोहोचू न शकलेली रसद यांनी भरलेली ती पत्रे बखरीपुढे रूक्षच होती. पण लढाई का हरली ते कळायला लागले ते या रूक्ष कागदांतून. ल कॉर्बुझिए आणि बोवी यांच्यावरची बरीच पुस्तके अजून बखरीच्याच काळात अडकलेली आहेत. फरक इतकाच की त्यांची बखर त्यांनी स्वतःच लिहवून घेतलेली आहे.

ल कॉर्बुझिएची बखर म्हणजे ‘ऊव्र कोंप्लेत’, ‘समग्र कार्य’. १९३० च्या आसपास सुरू होऊन १९७० पर्यंत आठ खंड. वास्तुकला शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी त्याला ओळखले ते या खंडांतून. ‘समग्र’ हा शब्द मात्र फसवा आहे. ला शो-द-फाँ या जन्मगावी त्याने बांधलेली सुरुवातीची घरे पहिल्या खंडातून जवळजवळ गायब आहेत. १९१६ चा व्हिला श्वॉबसुद्धा. हाच व्हिला १९२१ मध्ये ‘लेस्प्री नुव्हो’त छापला तेव्हा छायाचित्रांवर ब्रश फिरवून आजूबाजूचे तपशील पुसले होते, बागेतला मांडव काढून टाकला होता. घर उतारावरच्या वस्तीत आहे हे दिसू नये, ते शुद्ध आकार म्हणून तरंगावे! शिवाय पहिल्या तीन खंडांवर ‘ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे’ अशी दोन नावे होती. आज सर्वसाधारण वाचकाच्या तोंडी त्यातले किती उरले?

आता पुआसीचा व्हिला साव्हाय घ्या. बारीक खांबांवर उचललेला पांढरा ठोकळा, आडवी लांबच लांब खिडकी, वर सपाट गच्ची. भिंती अखंड काँक्रीटच्या वाटतात. प्रत्यक्षात काँक्रीटचा सांगाडा आणि मध्ये पोकळ ठोकळ्यांची चिणाई, वरून गिलावा. १९३१ मध्ये घर पुरे झाले आणि गळायला लागले. घरमालकीण साव्हायबाईंनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली: दिवाणखान्यात पाणी, रॅम्पवर पाणी, गॅरेजची भिंत ओलीकच्च, स्नानगृहाच्या छतातल्या खिडकीतून पाणी आणि वर पावसाचा असा ताशा की झोप लागू नये. १९३७ पर्यंत प्रकरण कोर्टाच्या उंबरठ्यावर आले. मग युद्ध आले आणि वाद तिथेच राहिला. कोकणातल्या कुठल्याही गवंड्याने यातली मेख चटकन सांगितली असती. सपाट गच्चीला पाण्याचा उतार पुरेसा हवा, कठड्याला जिथे गच्ची मिळते त्या कोपऱ्यात गोलाई हवी, काचेची चौकट जिथे छतात बसते तो सांधा हलतो आणि पहिला फाटतो. छप्पर पुढे काढलेले नसले की भिंतीवरून ओघळणारे पाणी थेट गिलाव्यात शिरते. पण छप्पर पुढे काढले तर तो शुद्ध ठोकळा उरत नाही! म्हणजे गळती हा बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हता. आकाराचा जो हट्ट धरला त्याची ती किंमत होती. हे कळल्यावर तो व्हिला लहान होतो की मोठा? माझ्या लेखी मोठा होतो, कारण वास्तुकाराने काय पणाला लावले ते दिसते. कोरडे, चकचकीत छायाचित्र छापणाऱ्या पुस्तकात ते दिसत नाही.

बोवीच्या बखरीतले सर्वांत गाजलेले प्रकरण म्हणजे ‘बर्लिन त्रयी’: ‘लो’, ‘हीरोज’, ‘लॉजर’. भिंतीच्या सावलीत, शीतयुद्धाच्या थंडीत निर्माण झालेले तीन अल्बम. सुरेख. पण टेपच्या डब्यांवरची ठिकाणे वाचा. ‘लो’चा मोठा भाग सप्टेंबर १९७६ मध्ये पॅरिसजवळच्या शातो देरूव्हिल या जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रित झाला, बर्लिनमध्ये त्याची अखेर झाली. ‘लॉजर’ स्वित्झर्लंडच्या माँत्रोत आणि न्यूयॉर्कमध्ये झाला. अथपासून इतिपर्यंत बर्लिनमध्ये झाला तो फक्त ‘हीरोज’. ‘त्रयी’ जोडून धरणारी गोष्ट शहर नव्हती. ती होती माणसे आणि पद्धत. निर्माता टोनी व्हिस्कोंटी, सिंथेसायझरवर संगीतकार ब्रायन ईनो आणि वर सांगितलेले तिघे वादक. आधी ताल आणि बासचा सांगाडा झटपट पकडायचा, मग त्यावर गिटार व सिंथेसायझरचे थर, आणि शब्द सगळ्यात शेवटी. ‘लो’मधला तो धसकन खाली घसरणारा ड्रमचा आवाज बर्लिनच्या हवेतून आलेला नाही. व्हिस्कोंटीने इव्हेंटाइड कंपनीचे एच-९१० हे हार्मोनायझर यंत्र आणले होते. त्याने स्नेअर या ड्रमचा स्वर खाली ओढून तो पुन्हा स्वतःमध्येच सोडला. डेव्हिसला तो बदललेला आवाज वाजवतानाच कानांत ऐकू येत होता आणि त्यावरून तो आपल्या फटक्याचे वजन कमीजास्त करत होता. यंत्र व्हिस्कोंटीचे, हात डेव्हिसचा, आणि ‘हे असेच ठेवू’ हा होकार बोवीचा. लेखक कोण?

‘हीरोज’ हे गाणे तर पाठ्यपुस्तकात घालावे. १९७७ चा उन्हाळा, भिंतीपासून हाकेच्या अंतरावरचा हान्झा स्टुडिओ, जुने मोठे सभागृह. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप न्यूयॉर्कहून आला आणि त्याने थोड्या तासांत आपले काम उरकले. गिटारचा घुमारा ध्वनिक्षेपकापासून कुठल्या अंतरावर कुठल्या स्वराला स्थिर होतो हे त्याने शोधले, त्या जागांवर जमिनीला चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि स्वर हवा तसा पुढे-मागे सरकला. ईनो तो आवाज आपल्या सुटकेसमधल्या सिंथेसायझरमधून काढत होता. बोवीच्या गायनाची पाळी आली तोवर टेपवर एकच ट्रॅक शिल्लक होता. व्हिस्कोंटीने तीन माइक लावले: एक तोंडापासून नऊ इंचांवर, दुसरा वीस फुटांवर, तिसरा पन्नास फुटांवर. लांबच्या दोन्हींवर गेट, म्हणजे आवाज ठराविक पातळीच्या वर गेला तरच उघडणारे दार. हळू गायले की फक्त जवळचा माइक, चढले की दुसरा उघडतो, ओरडले की तिसरा आणि त्याबरोबर अख्ख्या सभागृहाचा घुमार. शेवटच्या कडव्यांत बोवी आर्त होतो असे आपल्याला वाटते. तो आर्त होतो, कारण पन्नास फुटांवरचे दार उघडायला त्याला तेवढ्या जोराने ओरडावे लागते; आणि ट्रॅक एकच असल्याने नवा प्रयत्न केला की आधीचा पुसला जातो. बर्लिनची भिंत, भिंतीपाशी चुंबन घेणारे जोडपे, हे सगळे गाण्यात आहेच. पण ती किंकाळी कुठून आली याचे उत्तर नऊ, वीस आणि पन्नास या आकड्यांत जास्त आहे.

इथे चाहता खवळून म्हणेल: मग बोवी काहीच नव्हता का? हाच व्हिस्कोंटी, हाच ईनो, हाच फ्रिप बोवीशिवायही खूप काम करत होते, त्यातून ‘हीरोज’ का नाही निघाले? जानरेने चंदीगडमध्ये एकट्याने विधानसभा का नाही उभी केली? आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मुखपृष्ठावरच्या नावाला अर्थ असतो. कोणाला बोलवायचे, कधी थांबायचे, कोणता अपघात ठेवायचा, हे ठरवणारा डोळा एकाचाच असू शकतो. १९८३ च्या ‘लेट्स डान्स’चेच बघा. बोवीने ते गाणे बारा तारांची गिटार घेऊन लोकगीतासारखे वाजवून दाखवले. निर्माता नाइल रॉजर्सने ते उलटेपालटे करून नाचाचे केले. अल्बम न्यूयॉर्कला अवघ्या सतरा दिवसांत झाला आणि त्यात लीड गिटारसाठी तेव्हा जवळजवळ अनोळखी असलेला स्टीव्ही रे व्हॉन होता. चाल बोवीची, कायापालट रॉजर्सचा, पण रॉजर्स आणि व्हॉन यांना एका खोलीत आणण्याची अक्कल बोवीची. हे कर्तृत्व खरे आहे. पण ते दिसते कधी? सगळे कागद टेबलावर मांडले तरच. ‘प्रतिभावंत’ म्हणून मोकळे होणाऱ्या पुस्तकात ही अक्कलही झाकली जाते. तिथे गाणी आकाशातून पडतात.

वास्तुकला आणि संगीत एकाच छपराखाली आले त्या प्रकरणात तर श्रेयाचा हा गुंता पुरता उघडा पडतो. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनासाठी फिलिप्स कंपनीने ल कॉर्बुझिएकडे दालन मागितले. त्याने संगीतकार एदगार व्हारेझच्या संगीतासह आठ मिनिटांचा ‘इलेक्ट्रॉनिक काव्या’चा खेळ योजला आणि स्वतः चंदीगडच्या फेऱ्यांत गुंतला. दालनाची भूमिती ठरवली त्याच्या कचेरीतल्या यानिस झेनाकिसने: इंजिनिअर, आणि स्वतः संगीतरचनाकार. १९५३-५४ च्या ‘मेटास्टासिस’ या रचनेत त्याने डझनावारी तंतुवाद्यांचे स्वर सरकत जाणाऱ्या सरळ रेघांसारखे मांडले होते. सरळ रेघा सरकवत नेल्या की वक्र पृष्ठभाग तयार होतो. तीच कल्पना दालनात आली. सुमारे पाच सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे तुकडे वाळूच्या ढिगांवर ओतून वळणदार केले आणि ताणलेल्या तारांनी बांधून कवच उभे राहिले, आत तीनशेहून अधिक ध्वनिक्षेपक. श्रेय मात्र सुरुवातीला एकट्या ल कॉर्बुझिएला. झेनाकिसने आवाज उठवला, पत्रापत्री झाली, तेव्हा कुठे त्याचे नाव जोडले गेले. १९५९ च्या जानेवारीत दालन पाडले, आणि त्याच वर्षी झेनाकिस कचेरीतून बाहेर पडला. सुटीवरून परतला तर दाराला नवे कुलूप. आता सांगा, ‘कलावंत वेगळा, कला वेगळी’ या सूत्राने इथे काय हाती लागते? कलेच्या आतच श्रेयाचा तंटा आहे. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव निदान जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेले आहे. आणि फार लांब कशाला, १९११ च्या ‘मानापमान’मधली पदे आपण बालगंधर्वांची म्हणून गुणगुणतो; चाली गोविंदराव टेंब्यांच्या.

दुसरा आक्षेप: वाचकाला माणूस हवा असतो, हार्मोनायझरचा नमुना-क्रमांक नको असतो. बोवीचा सावत्र भाऊ टेरी मनोविकाराने वर्षानुवर्षे रुग्णालयात होता. १९७० च्या ‘ऑल द मॅडमेन’ या गाण्यावर त्याची सावली आहे, हे नाकारणे वेडेपणा ठरेल. मान्य. पण एकदा ही किल्ली हाती लागली की चरित्रकार ती प्रत्येक कुलपाला लावून बघतो. ते गाणे असलेल्या अल्बमचा जड, दणदणीत आवाज भावाच्या आजारातून आला की मिक रॉन्सनच्या गिटारमधून आणि व्हिस्कोंटीच्या बासमधून? त्यांतल्या मांडणीचा बराच भाग आपण दोघांनीच केला असे व्हिस्कोंटी सांगत आला आणि बोवीला ते झोंबले. दोन्ही बाजू छापा, वाचक मूर्ख नसतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त सतावतो. दफ्तर तरी निर्मळ कुठे आहे? ल कॉर्बुझिएने कागदाचा कपटाही फेकला नाही. १९६८ पासून पॅरिसमध्ये त्याच्या नावाचे प्रतिष्ठान सुमारे पस्तीस हजार रेखाटने सांभाळते, त्यांचे बत्तीस जाडजूड खंड १९८० च्या दशकात छापलेही गेले. बोवीच्या संग्रहातल्या ऐंशी हजारांहून अधिक वस्तू लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने घेतल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. इतके नीटनेटके दफ्तर मागे ठेवणारा माणूस पुढच्या इतिहासकाराला बोट धरूनच नेत नाही का? नेतो. म्हणून त्या माणसाने जपलेले कागद पुरत नाहीत, त्याला डावलता न आलेले कागद लागतात. रू द सेव्ह्रच्या ३५ नंबरमधल्या त्याच्या कचेरीत एक काळी वही होती. प्रत्येक रेखाटनाला क्रमांक, तारीख आणि आखणाऱ्याचे नाव त्यात टाकले जाई. कचेरीच्या सोयीसाठी ठेवलेली ही वही आज श्रेयाची सर्वांत खणखणीत साक्षीदार आहे. स्टुडिओत तेच काम ट्रॅकशीट करते: चोवीस रकाने, कुठल्या रकान्यात कोणते वाद्य, कुठल्या तारखेला, काय पुसून त्यावर काय घेतले. साव्हायबाईंची पत्रे, फिलिप्सशी झालेला पत्रव्यवहार, वादकांची मानधनाची बिले, ही सगळी विरोधी बाजूची दफ्तरे.

आणि पैसा. १९९७ मध्ये बोवीने १९९० पूर्वीच्या पंचवीस अल्बमांच्या भावी मानधनावर दहा वर्षे मुदतीचे, ७.९ टक्के व्याजाचे साडेपाच कोटी डॉलरचे रोखे विकले. त्यातून जुन्या व्यवस्थापकाचा वाटा त्याला परत विकत घेता आला. १९७० च्या दशकातल्या त्याच्या झपाट्याचे कारण प्रतिभेत शोधणाऱ्यांनी त्या व्यवस्थापकाशी झालेला करार वाचावा. दर वर्षी नवा अल्बम काढणारा माणूस कधीकधी नुसता कर्जदारही असतो. मार्सेयच्या ‘युनिते’चा खरबरीत काँक्रीट पुढे जगभर ‘ब्रूटलिझम’ या नावाने शैली म्हणून गाजला. युद्धोत्तर फ्रान्समध्ये पोलाद महाग आणि दुर्मीळ होते, काम अनेक ठेकेदारांत वाटलेले होते, फळ्यांचे साचे ओबडधोबड बसत होते. ३३७ घरांच्या त्या इमारतीवर गिलावा करून झाकण्यापेक्षा हा ओबडधोबडपणाच दाखवायचा, हा निर्णय मात्र ल कॉर्बुझिएचा, आणि तो थोर होता.

पुण्याचे वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी १९५१ ते १९५४ त्या रू द सेव्ह्रच्या कचेरीत काम केले, सुरुवातीचे काही महिने बिनपगारी. २०१८ मध्ये वास्तुकलेचे प्रित्झ्कर पारितोषिक मिळालेल्या माणसाची ती उमेदवारी. तिथल्या फळ्यांवर जगभरची अशी पोरे वाकलेली असत, आणि त्यांच्या वाकण्यावर ती कचेरी चालत असे. चंदीगडवरच्या पुस्तकांत याची दखल किती आहे हे पडताळणे सोपे आहे. दुकानात उभ्या उभ्या मागची नामसूची उघडा. अल्बर्ट मेयर आहे का? चंदीगडचा पहिला आराखडा त्याचा होता. सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेला, म्हणून तर ल कॉर्बुझिएला बोलावणे गेले, आणि त्याने काही दिवसांत मेयरच्या वळणदार रस्त्यांना ताणून आठशे गुणिले बाराशे मीटरच्या चौकटींत बसवले. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू आहेत का? सर्वसामान्य सरकारी नोकर ज्या घरांत राहिला ती त्यांची आणि जानरेची. युली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, एम. एन. शर्मा? मुख्य अभियंता पी. एल. वर्मा? ज्यांची जमीन संपादित झाली त्या गावांना एक परिच्छेद तरी? बोवीच्या पुस्तकात अलोमार, डेव्हिस, मरे ही नावे दोन-तीनदाच येत असतील आणि टोपणसोंगांची नावे पानोपानी, तर ते पुस्तक कपड्यांवर आहे. आराखड्याखाली मापपट्टी आहे का, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि प्रकाशनाची तारीख वेगळ्या दिल्या आहेत का, एकतरी छायाचित्र बांधकाम चालू असतानाचे आहे का, हेही दोन मिनिटांत कळते.

शेवटी पुस्तकाचे शेवटचे पान बघा. ल कॉर्बुझिएवरची बहुतेक पुस्तके २७ ऑगस्ट १९६५ ला संपतात. भूमध्य समुद्रात पोहताना तो गेला. चरित्रकाराला याहून देखणा शेवट कुठला मिळणार. चंदीगडमध्ये रोज साइटवर उभा राहिलेला पिएर जानरे त्याच वर्षी आजारी होऊन जिनिव्हाला परतला आणि १९६७ मध्ये गेला. त्याची रक्षा त्याच्या इच्छेप्रमाणे १९७० साली चंदीगडच्या सुखना तलावात सोडण्यात आली. हे पान असलेली पुस्तके फार थोडी आहेत.